संशयी काच आणि जास्तीचे चंद्र

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. भिंगातली काच. लोक आपले म्हणतात, "भिंग आण, भिंग ठेव." पण भिंग म्हणजे तरी काय हो? एक पितळी कडी, एक काळी लाकडी मूठ आणि मधे मी. कडीला दिसत नाही, मुठीला दिसत नाही. बघायचं सगळं काम माझं, आणि नाव मात्र तिघांचं! तेव्हापासून माझा या जगावर जरा संशयच आहे.

आणि आधीच सांगून ठेवते, राईचा पर्वत करणं हा माझा धंदा आहे. मी काही वाढवून सांगतेय असं वाटलं, तर तो माझ्या जिभेचा दोष नव्हे, पोटाचा. माझं पोट मधे फुगीर आहे ना! एकदा एक मुंगी माझ्याखालून चालली होती. वरून बघणारा म्हणाला, "अबब, केवढी ही!" ते तिने ऐकलं मात्र, त्या दिवसापासून ती घरात यायचीच बंद झाली. दारात मावणार नाही म्हणून उंबऱ्याबाहेर बसून राहायची. खोटं वाटतंय? जाऊन बघा.

मला घासणारा कारागीर कायम एक डोळा मिटून वावरायचा. "दोन डोळ्यांनी बघितलं की माणूस दुप्पट फसतो," असं म्हणायचा. वाळू आणि पाणी घेऊन तो मला घासघास घासायचा, मग उचलून स्वतःच्या अंगठ्यावर धरायचा. अंगठ्याची एक रेघ जरी वाकडी दिसली तरी पुन्हा वाळूत. शेवटी त्याच्या अंगठ्याच्या सगळ्या रेघा सरळ दिसल्या तेव्हा त्याने मला कडीत बसवलं आणि एका सराफाला विकून टाकलं.

सराफाची पेढी ही माझी शाळा. "खरं ठरेपर्यंत सगळं खोटं," हा तिथला एकच धडा. गिऱ्हाईक कितीही गोड बोलो, सराफ मला उचलायचा, दागिन्यावर धरायचा आणि मान हलवायचा. एका नटलेल्या बाईंना तो म्हणाला होता, "बाई, हा हिरा नाही, हिऱ्याचा लांबचा मेव्हणा आहे." त्या बाई जिना उतरेपर्यंत बोलत होत्या. बरीच वर्षं मी तिथे मानाने राहिले. मग डोळ्याच्या खोबणीत बसणारी एक नवी काच आली. कानामागून आली आणि तिखट झाली! मी थेट जुन्या वस्तूंच्या दुकानात, टोपलीत. शेजारी गंजकी कात्री आणि काटे नसलेलं घड्याळ.

तिथे मला ताई भेटली.

ताई म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, उंच, तुरतुरीत बाई. आली होती खुर्ची बघायला. बघता बघता तिचं लक्ष एका टेबलाकडे गेलं. टेबलाच्या लंगड्या पायाखाली एक जुनं पुस्तक सरकवलेलं होतं. पातळ कागद, पानं मधे दुमडलेली, पाठ दोऱ्याने शिवलेली. ताईने एका हाताने टेबल उचललं, दुसऱ्या हाताने पुस्तक ओढलं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागली. उजवीकडून डावीकडे, वरून खाली. दुकानदार आ वासून बघत राहिला.

"तुम्हाला हे कळतं?"

"कळतं म्हणजे? चिनी कविता आहेत. जुन्या. हजार वर्षांपूर्वीच्या तरी."

"मग घेऊन जा. हे भिंग घेतलंत तर पुस्तक फुकट."

फुकट शब्द ऐकला की माझ्या अंगावर वाफ धरते. पण अक्षरं तांदळाच्या कणीएवढी होती, ताईला माझी गरज होती. आम्ही दोघी एकाच पिशवीतून घरी गेलो. पिशवीत मी त्या पुस्तकाला म्हटलं, "नीट राहा हं. माझं लक्ष आहे."

आता तुम्ही विचाराल, भूगोलाच्या बाईला जुनी चिनी भाषा कुठली यायला? विचाराच. मलाही संशय आला होता. तर ताईच्या लहानपणी शेजारी एक चिनी दंतवैद्य राहायचा. त्याची म्हातारी आई ताईला मागच्या पायरीवर बसवायची, खडूने अक्षरं काढायची आणि जुन्या कविता घोकून घ्यायची. चुकली की गालगुच्चा. ताई म्हणायची, "माझे गाल त्या भाषेने मोठे केलेत."

पुस्तकातला कवी कोण, ते कोणालाच ठाऊक नाही, कारण पहिल्या पानावरचं त्याचं नाव कसरीने खाल्लं होतं. एवढंच कळत होतं, की तो कुठलासा छोटा अधिकारी होता आणि त्याच्या सारख्या बदल्या व्हायच्या. त्या काळी तिथे रीत होती, कोणी दूरगावी निघालं की मित्र नदीकाठापर्यंत पोचवायला यायचे आणि विलोच्या झाडाची एक फांदी तोडून निघालेल्याच्या हातात द्यायचे. याच्या तर अर्ध्याअधिक कविता निरोपाच्याच. ताईने ठरवलं, हे सगळं इंग्रजीत न्यायचं. इंग्रजीत गेलं की जगभर वाचलं जाईल, मग तो बिचारा नुसता कसरीच्या पोटात राहणार नाही. म्हातारपणी एवढं एक काम चोख करून जायचं, एवढीच तिची इच्छा होती.

पण ताईचं इंग्रजी भूगोलाचं. डोंगर, दऱ्या, खनिजं. म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावलं. त्याला ती ठोंब्या म्हणायची, म्हणून आपणही ठोंब्याच म्हणू. साठी उलटलेला, गोल, टकलू, तोंडात वर-खाली कवळी. उभा जन्म त्याने केसांच्या तेलाच्या आणि साबणाच्या इंग्रजी जाहिराती लिहिण्यात घालवला होता. तेलाच्या बाटलीवर चांदणं सांडवायचं आणि साबणाच्या वडीला पहाट म्हणायचं, हे त्याचं काम. बायको वारल्यावर तो ताईकडेच राहायला आला होता.

काम असं चालायचं. दुपारी खिडकीपाशी टेबल. ताई मला हातात धरून ओळीवरून वरून खाली आणायची, आधी चिनी उच्चार, मग अर्थ. अर्थ कसा, तर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा, एकेक शब्द वेगळा टांगून. ठोंब्या समोर बसून त्याचं इंग्रजी करायचा, मग वाचून दाखवायचा. ताईला पटलं तर ती म्हणायची, "हं." एवढंच. नाही पटलं तर मग बघायलाच नको.

पहिल्याच कवितेला ठिणगी पडली.

"ठोंब्या, हे चांदणं कुठून आलं?"

"कुठलं?"

"आत्ता वाचलंस ते. चंदेरी चांदण्यात न्हालेली नदी. मी काय सांगितलं तुला? दार, नदी, भावाची वाट. यात चंद्र कुठे आहे?"

"अगं, वाचकाला बघायला काहीतरी नको का?"

"नदी आहे ना."

"अंधारात नदी दिसणार कशी?"

"सकाळ आहे रे ती, सकाळ! सकाळची नदी! खोड तो चंद्र."

ठोंब्याने खोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक आला, ढगाआडून. मग एक विहिरीत पडला. एक बदकाच्या पाठीवर बसून आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर चोराच्या कागदावरच चांदणं! मी मोजायला लागले. मूळ कवीने अख्ख्या पुस्तकात जेवढे चंद्र वापरले नसतील तेवढे या बाबाने महिन्याभरात उगवले. ताई खोडत राहिली, तो कुरकुरत राहिला. मी मनात म्हटलं, हा माणूस खोटे दागिने करणारा आहे. याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

अशी निम्मी पोथी उरकली. ताईची सवय अशी, की एक कविता पुरती पाठ झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. पुढची पानं तिने उघडून बघितलीसुद्धा नव्हती. "आंब्याची फोड कशी, शेवटची राखून ठेवायची," म्हणायची.

आणि मग एकाएकी ठोंब्याचे चंद्र बंद झाले.

मित्रांनो, चोराने चोरी सोडली की समजावं, आता मोठा हात मारायचाय.

मी नजर आणखी बारीक केली. काय काय दिसलं, ऐका. ठोंब्या दर आठवड्याला दंतवैद्याकडे जायला लागला. त्या म्हातारीचा मुलगा तो, आता तोही म्हातारा झालेला. "दाढ ठणकतेय," असं सांगून जायचा. अहो, ज्याच्या तोंडात एकही स्वतःचा दात नाही, त्याची दाढ ठणकते कशी? कवळी काय टेबलावर ठेवल्या ठेवल्या दुखते? मग त्याच्या बंद खोलीतून खरखर आवाज यायला लागला. ताई म्हणायची, "उंदीर झालेत." मी म्हटलं, उंदीर नव्हे, बोका आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दुपारी ताईचा डोळा लागला की तो चवड्यावर यायचा, पुस्तक आणि मला उचलायचा, आपल्या खोलीत न्यायचा आणि एकेका अक्षरावर मला धरून पाटीवर पेन्सिलीने रेघा ओढत बसायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. कवळी मात्र कटकट वाजायची.

मी सराफाकडची शिकलेली. लगेच ताडलं, नक्कल करतोय! खोटं पुस्तक बनवणार, खरं विकून टाकणार आणि ताईचं काम स्वतःच्या नावावर छापणार. घरचा भेदी! पण सांगणार कोणाला? काचेला तोंड नसतं.

ताईलाही काहीतरी वास लागला असावा. ती हल्ली चिडचिड करायची. "हा दिवा कोणी बदलला? मिणमिणतोय नुसता." दिवा तोच होता. "शाई पुसट झालीय." शाई हजार वर्षं बसली ती दोन महिन्यांत कशी जाईल? मग माझ्यावर घसरली. "या भिंगावर पडदा आलाय." मला साबणाने धुतलं, व्हिनेगरने पुसलं, पदराने इतकं घासलं की मला त्या एकडोळ्या कारागिराची आठवण झाली. मी स्वच्छ होते हो! सराफाची शपथ, मी लख्ख होते. तरी ती मला कधी नाकाशी धरायची, कधी हातभर लांब, कधी तिरकं, कधी भलत्याच ओळीवर. मला स्वतःचाच संशय यायला लागला.

एका दुपारी तिने मला पानावर धरलं आणि कविता सांगायला सुरुवात केली. संथ आवाजात, एकेक शब्द टांगत.

"निरोपाच्या इतक्या फांद्या मला मिळाल्या, की लावल्या असत्या तर बाग झाली असती. आज मी निघालोय आणि काठावर कोणी नाही. मीच एक फांदी तोडली, या हातातून त्या हातात दिली आणि स्वतःला म्हटलं, सांभाळून जा."

फार सुंदर होती. ठोंब्याची पेन्सिल थांबली. पण मला ती खरी वाटेना. मी खाली बघत होते ना! माझ्याखाली एकही अक्षर नव्हतं. त्या जुन्या पुस्तकांत पानाच्या डोक्यावर वाचणाऱ्याच्या टिपणांसाठी भरपूर कोरी जागा सोडलेली असते. ताईने मला तिथे धरलं होतं. खाली नुसता पांढरा कागद, कागदाचे तंतू आणि एक चिरडलेली कसर. आणि ताई त्यातून अख्खी कविता वाचत होती.

"ताई," ठोंब्या हळूच म्हणाला, "हे... हे असं लिहिलंय तिथे?"

"मग मी काय पदरचं सांगतेय?"

"नाही, नाही. चांगली आहे."

"चांगली असणारच. लिही."

त्याने लिहिली. मी मात्र हादरले. जिच्यासाठी मी पहारा देत होते, तीच? चंद्र खोडणारी ताईच? मित्रांनो, त्या दिवसापासून मी कोणाचीच राहिले नाही. इकडे चोर, तिकडे चोर, आणि मधे मी.

असंच करत सगळं पुस्तक संपलं. कागदांचा गठ्ठा एका प्रकाशन संस्थेकडे गेला. जुनं चिनी आणि जपानी साहित्य इंग्रजीत छापणारी ती छोटीशी संस्था. त्यांनी कळवलं, पुस्तक आवडलंय, पण आमची तपासनीस बाई मूळ पुस्तकाशी एकेक ओळ ताडून बघेल. खोट निघाली तर छापणार नाही, आणि पुन्हा तुमचं काहीही छापणार नाही.

ताई त्या दिवशी जेवली नाही. "ऊन आहे," म्हणाली. पावसाळा होता.

तपासनीस बाई सकाळीच आली. बारीक, तुडतुडी, केस करकचून बांधलेले, पिशवीत स्वतःचं भिंग. प्लॅस्टिकचं, आत दिवा असलेलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. दोघींनी एकमेकींना नापास केलं.

"राग मानू नका," ती खुर्ची ओढत म्हणाली, "पण मी कोणावरच विश्वास ठेवत नाही. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी जुन्या जपानी कविता आणून दिल्या. मूळ कविता पाच ओळींची, यांचं इंग्रजी पंचवीस ओळींचं. जपानी कवी पाच ओळींत गप्प बसला, आणि यांना बोलल्याशिवाय राहवेना."

"चहा तरी विश्वासाने घ्या," ठोंब्या म्हणाला.

तिने कपात डोकावून बघितलं, मग घेतला.

सकाळपासून दुपार झाली. ती बोटाने एकेक अक्षर धरून पडताळत होती. मान हलेना, चेहरा हलेना. ताई समोर बसली होती, मला मुठीत घट्ट धरून. तिच्या हाताला घाम सुटला होता आणि मी धुरकटले होते. ठोंब्या तिच्या खुर्चीमागे उभा. मला वाटलं, पळायची तयारी.

तपासनीस बाईने शेवटचा कागद खाली ठेवला आणि पुस्तक मधेच कुठेतरी उघडून ताईपुढे सरकवलं. "आमचा एक नियम आहे. भाषांतर करणाऱ्याने एक कविता मुळातून वाचून दाखवायची. ही वाचा."

झालं! ताईने मला उचललं. पानावर धरलं. मला पुढे-मागे सरकवत राहिली. तेवढ्यात खुर्चीमागे ठोंब्याचा हात हलला. मी कोनातून बघितलं, तो ताईच्या पाठीवर काहीतरी करत होता. चिमटा काढतोय मेला, मला वाटलं. अशा वेळी चिमटा!

पण ताईने मला सरकवायचं एकदम थांबवलं. तिने मान किंचित मागे वळवली, मग पुढे घेतली आणि वाचायला लागली. खणखणीत. आधी चिनी, मग अर्थ. नदीवर अडकलेल्या होडीची कविता, पहिल्या निम्म्यातली, तिला पाठ असलेली. मी तिच्या हातात पुढे पुढे सरकत होते आणि माझ्याखालून अक्षरं जात होती. मग अक्षरं संपली. टेबलाचं लाकूड आलं. लाकडाच्या रेषा, एक खिळा, सांडलेल्या चहाचा डाग. ताई वाचतच होती.

कविता संपली.

"सुंदर," तपासनीस बाई म्हणाली. "पण पुस्तक केव्हापासून माझ्या मांडीवर आहे."

तिने वाचता वाचता ते हळूच ओढून घेतलं होतं, मित्रांनो! संशय असावा तर असा. त्या क्षणी मला तिच्याबद्दल आदर वाटला आणि तिचा रागही आला.

ताईने मला टेबलावर ठेवलं. "दिसत नाही मला," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. मधे बघायला जावं तर नुसतं धुकं. निम्मं पुस्तक झालं तेव्हापासून. पुढचं सगळं मी अंदाजाने सांगितलं. काही काही तर साफ पदरचं. नका छापू तुम्ही."

तिचा आवाज वर्गात एखादा मुलगा नापास झाल्याचं सांगावं तसा कोरडा होता. म्हणूनच जास्त लागला.

"हे मला पटत नाही," तपासनीस बाई म्हणाली.

"काय पटत नाही?"

"पुढचं निम्मं. ते तर मी दोनदा पडताळलं. एक अक्षर चुकलेलं नाही."

"शक्यच नाही! चुकलेलं असणारच!"

"नाही चुकलेलं!"

"अहो बाई, मी चुकवलंय ना! मला माहीत नाही?"

दोघी अशा हातघाईवर आल्या होत्या, की एक म्हणते माझं खोटं आहे आणि दुसरी म्हणते खरं आहे. असलं भांडण मी पेढीवरसुद्धा बघितलं नव्हतं. मग दोघी एकदम थांबल्या आणि दोघींनी ठोंब्याकडे बघितलं. ताईने कडेच्या डोळ्याने. ठोंब्याचे कान लाल झाले होते.

"माझ्या पाठीवर होडीचं अक्षर तू काढलंस," ताई सावकाश म्हणाली. "मला वाटलं भास झाला. रेघांचा क्रम चुकवलास, पण अक्षर बरोबर होतं."

"कुठली रेघ चुकली?"

"ते सोड! तुला अक्षर आलं कुठून?"

ठोंब्याने कवळी सावरली. "तू कविता सांगायचीस आणि भिंग भलतीकडेच असायचं. मला वाटलं, ताई मला फसवतेय. माझा एवढासा चंद्र खोडायचा आणि आपली अख्खी नदी घुसवायची! म्हटलं, पकडतोच हिला. पण पकडायला आधी वाचता यायला हवं. म्हणून दंतवैद्याकडे जायला लागलो. त्याला आईने शिकवलेलं सगळं आठवतंय. चुकलं की गाल ओढतो."

"तरीच! दाढ ठणकते म्हणे. कवळीवाला मेला!"

"वाचायला लागलो तेव्हा कळलं, तुला दिसत नाहीये."

"मग बोलला का नाहीस?"

"रोज सांगणार होतो. पण तू सांगायला लागलीस की ऐकतच बसायचो. मग पुस्तकात आहे ते गठ्ठ्यात घातलं, आणि तुझं ते माझ्या कपाटात ठेवलं. ते त्या कवीचं नव्हतं ना. तुझं होतं."

ताईने पदराने मला पुसायला सुरुवात केली. मी स्वच्छच होते.

तपासनीस बाईने पुस्तक ठोंब्यापुढे टाकलं. ती कुठली सोडणार! "वाचा."

ठोंब्याने मला उचललं. पहिलीच्या पोरासारखा एकेक अक्षर फोडून तो वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत चुकला. "तसं नाही," ताई खुर्चीतूनच म्हणाली, "तसं म्हटलं तर होडी डोंगरावर चढेल. नीट बघ, डाव्या बाजूला पाणी आहे का?" "आहे." "मग?" "हां, हां." असं करत तो बघत गेला, ती सांगत गेली आणि पान पुरं झालं.

तपासनीस बाईने गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद काढला. मुखपृष्ठाचा. त्यावर भाषांतर करणारी म्हणून एकट्या ताईचं नाव होतं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"सापडली खोट," ती म्हणाली. "मला माहीतच होतं, एक तरी असणार. हे तेवढं दुरुस्त करा. मग छापू."

पुस्तक निघालं, दोन नावांचं. जाताना तपासनीस बाईने मला उचलून बघितलं आणि म्हणाली, "काच चांगली आहे." तिच्यासारखीने म्हटलं म्हणजे कायच!

ताईचे डोळे मात्र परत आले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं गेलं ते गेलं. आता मी ठोंब्याच्या हातात असते, आणि तो मला कुठेही टाकतो. कधी विश्वकोशाखाली, कधी मोज्यांच्या खणात. मित्रांनो, काच मऊ कापडाने पुसावी, उन्हात कागदावर ठेवू नये, आणि वापर नसेल तेव्हा तिची जागा तरी ठरलेली असावी. एवढं मागणं काही फार नाही. आणि घरात कोणी म्हातारं माणूस दिव्याला, शाईला, काचेला बोल लावत असेल, तर काच पुसत बसू नका. ते माणूस बघा.

संशयाबद्दल विचाराल, तर मी तो सोडलेला नाही. मी तुमच्यावरही घेते. पण माझ्यासारखा नुसता पहारा देऊन उपयोग नाही, हे मला पटलंय. मी एवढी डोळे वटारून बसले आणि सगळंच उलटं समजले. ठोंब्याला संशय आला तेव्हा त्याने पाटी आणली. तुम्हीही आणा.

हल्ली दुपारी दोघं दुसरं पुस्तक करतात. अडलं की ठोंब्या ताईच्या पाठीवर अक्षर काढतो आणि ती ओळखते. पण ताईला ते पहिल्या फटक्यात कधीच कळत नाही म्हणे. "रेघ वाकडी आली, पुन्हा काढ. जरा वर. आणखी जोरात. हां, आता डावीकडे." ठोंब्या बिचारा मन लावून काढत बसतो. त्याला वाटतं, आपलं अक्षर वाईट आहे.

मला मात्र दाट संशय आहे, की तिची पाठ खाजते.